ताप आणि जुलाब एकदम सुरू झाले तर: मिली, मिलिग्रॅम, ओआरएस आणि आकडीबद्दल प्रश्न

शेवंती

मुलगी १४ महिन्यांची आहे, वजन ९.४ किलो. काल दुपारपासून ताप आहे, काखेत १०२ ते १०३ फॅ. आज सकाळपासून चार वेळा पाण्यासारखी शी झाली आणि दोन उलट्या. अंगावर पिते आहे. ताप उतरला की खेळते, चढला की मलूल होऊन पडते. काल डॉक्टरांनी तपासलं, विषाणूचा ताप वाटतो म्हणाले आणि पॅरासिटॅमॉल लिहून दिलं. जुलाब त्यानंतर सुरू झाले.

माझे प्रश्न:

१. चिठ्ठीवर नुसतं "५ मिली" आहे. घरात पॅरासिटॅमॉलच्या तीन बाटल्या आहेत: १२० मिग्रॅ/५ मिली, २५० मिग्रॅ/५ मिली आणि थेंबांची, १०० मिग्रॅ/१ मिली. यातली कुठली?
२. औषध देऊन दीड तास झाला तरी ताप १०१ च्या खाली जात नाही. मध्ये इब्युप्रोफेन द्यायचं का? गार पाण्याच्या पट्ट्या?
३. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का?
४. ओआरएस नक्की किती आणि कसं? दोन घोट घेते आणि ओकते.
५. ताप डोक्यात जाऊन आकडी येईल ही भीती डोक्यातून जात नाही. तसं झालंच तर त्या क्षणी काय करायचं?

---

तराजू

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आधी एक काम करा. तीनपैकी एकच बाटली बाहेर ठेवा, बाकीच्या दोन हे आजारपण संपेपर्यंत कपाटात वर ठेवून द्या. पॅरासिटॅमॉल देताना होणाऱ्या चुका बहुधा बाटलीच्या अदलाबदलीतून होतात. रात्री तीन वाजता, अर्धवट झोपेत, दुसऱ्याच कुणीतरी माप घेतलं की घोळ झालाच.

आता हिशोब. हे औषध वजनावर देतात, वयावर नाही: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिग्रॅ. तुमच्या मुलीला म्हणजे ९४ ते १४१ मिग्रॅ.

१२० मिग्रॅ/५ मिलीच्या बाटलीत एका मिलीला २४ मिग्रॅ औषध असतं, म्हणजे माप साधारण ४ ते ५.८ मिली.
२५० मिग्रॅ/५ मिलीच्या बाटलीत एका मिलीला ५० मिग्रॅ, म्हणजे १.९ ते २.८ मिली.
थेंबांच्या बाटलीत एका मिलीला १०० मिग्रॅ, म्हणजे ०.९ ते १.४ मिली.

चिठ्ठीवरचे ५ मिली पहिल्या बाटलीचे असतील तर १२० मिग्रॅ होतात, किलोला पावणेतेरा. अगदी योग्य. तेच ५ मिली दुसऱ्या बाटलीतून गेले तर २५० मिग्रॅ, किलोला साडेसव्वीस. आणि थेंबांच्या बाटलीतून गेले तर ५०० मिग्रॅ, म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाचा कोटा एका घोटात. आकड्यांवरून डॉक्टरांच्या मनात पहिली बाटली असावी असं दिसतं, पण "असावी" वर औषध देऊ नका. फोन करून मिलिग्रॅममध्ये विचारा आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा. जुलाब सुरू झाल्याचंही त्याच फोनवर सांगा, कारण काल तपासताना ते नव्हते.

दोन डोसांत किमान ४ तास, शक्यतो ६. चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ डोस, एकूण किलोला ६० मिग्रॅपर्यंत. तुमच्याकडे हा आकडा ५६४ येतो. चोवीस तास घड्याळातल्या बारापासून मोजायचे नाहीत. डोस देताना मागे वळून पाहायचं: गेल्या चोवीस तासांत किती गेले? बाटलीला कागद चिकटवून वेळ आणि मिली लिहा. आई, बाबा, आजी अशा तिघांच्या हातून औषध जात असेल तर या कागदाला पर्याय नाही.

मर्यादेचा एवढा आग्रह का, तर पॅरासिटॅमॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन हे यकृतातलंच एक संरक्षक द्रव्य त्याला निकामी करतं. न जेवलेल्या, ओकणाऱ्या मुलाच्या यकृतात ग्लुटाथायोनचा साठाच कमी असतो. म्हणजे एरवी निभावून गेलं असतं असं जास्तीचं माप नेमकं आजारपणात बाधतं. जास्त औषध गेलंय असं लक्षात आलं तर मूल बरं दिसतंय म्हणून थांबू नका. पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही, यकृताचं नुकसान दोन-तीन दिवसांनी उघड होतं, आणि त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. बाटली हातात घेऊन थेट रुग्णालयात जा.

सर्दीच्या बऱ्याच पातळ औषधांतही पॅरासिटॅमॉल मिसळलेलं असतं. मेफेनॅमिक ॲसिड (तापाचंच दुसरं औषध) आणि पॅरासिटॅमॉल अशी जोडऔषधंही असतात. नाव वेगळं, रंग वेगळा, आत तेच. पुढचं नाव सोडा, मागचा घटकांचा बारीक मजकूर वाचा.

माप तोंडातून द्यायच्या सिरिंजनेच घ्या. घरातले चमचे एकसारखे नसतात आणि झाकणाच्या कपात ३ मिलीसारखं लहान माप नीट दिसत नाही. दाट, दुधी दिसणारं औषध असेल तर बाटली आधी नीट हलवा. न हलवता वरचं दिलं तर पहिले डोस पातळ जातात आणि तळाचे तीव्र. मुलीला बसतं धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि अर्धा-अर्धा मिली सोडा. सरळ घशात मारलं तर ठसका लागतो आणि उलटी ठरलेलीच. दुधाच्या बाटलीत मिसळू नका. अर्धी बाटली उरली तर औषध किती गेलं ते कुणालाच कळत नाही.

उलटीचं असं: १५ मिनिटांच्या आत उलटी झाली आणि औषध त्यात दिसलं, तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. अर्धा तास उलटून गेला असेल तर परत देऊ नका, पुढच्या वेळेची वाट पाहा. मधल्या वेळेत झाली तर डॉक्टरांना विचारा. काहीच पोटात टिकत नसेल तर गुदद्वारात ठेवायची पॅरासिटॅमॉलची सपोझिटरी मिळते. तिचाही डोस त्याच चोवीस तासांच्या हिशोबात धरायचा. शिवाय ती कापून अर्धी करू नका, औषध दोन्ही तुकड्यांत सारखं येईल याची खात्री नसते.

---

रानजाई

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ताप १०३ वरून १०१ वर आला म्हणजे औषधाने काम केलं. पॅरासिटॅमॉल साधारण दोनेक अंश फॅरेनहाइट उतरवतं. परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होतो आणि पुरता दिसायला दोन-तीन तास लागतात. ९८.६ दिसेपर्यंत औषधामागून औषध देत राहणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं, पिता यावं, झोपता यावं म्हणून. १०१ ताप असून मूल खेळत असेल तर औषध नाही दिलं तरी चालतं. १०० च असून ते कण्हत असेल तर मात्र आकडा कमी आहे म्हणून स्वस्थ बसायचं नाही.

तापात मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र स्वतःच वरचा आकडा ठरवतं. वर गार पाणी घातलं की त्वचा थंड होते, पण केंद्राचा आकडा तसाच राहतो, मग शरीर हुडहुडी भरवून उष्णता परत तयार करतं. आकडा तासाभरासाठी उतरतो आणि मूल जास्त त्रासतं. म्हणून बर्फ नको, गार पाणी नको, आणि स्पिरिट तर कधीच नको. ते लहान मुलाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जातं. मुलाला आवडत असेल तर कपाळावर कोमट पाण्यात पिळलेला कपडा ठेवा. त्याने छान वाटतं एवढंच, तो उपचार नाही. एक सुती झबलं आणि खेळती हवा पुरे. दुलईत गुंडाळून "घाम काढणं" टाळा.

ताप चढत असताना हातपाय गार आणि पोट-डोकं गरम लागतं, कारण शरीर उष्णता वाचवायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. तेवढ्या वेळापुरतं हलकं पांघरूण घालायला हरकत नाही. अंग सगळीकडे गरम झालं की काढा.

मोजण्याबद्दल थोडं: काखेतला डिजिटल थर्मामीटर चांगला, पण टोक त्वचेला टेकलेलं हवं, मध्ये कपडा नको, आणि हात छातीशी दाबून धरायचा. आवाज येईपर्यंत हलवू नका. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापापेक्षा अर्धा ते एक अंश फॅ. कमी दाखवतो. त्यात स्वतःहून अंश मिळवत बसू नका. "काखेत १०२" असं सांगितलं की डॉक्टरांना कळतं. कपाळावर दुरून धरायच्या यंत्राचा आकडा घाम आणि अंतर यामुळे चुकतो. आंघोळ किंवा दुलईतून बाहेर काढणं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मोजा.

पॅरासिटॅमॉलनंतर तीन तासांनी मूल खूपच अस्वस्थ असेल तर इब्युप्रोफेन आलटून-पालटून देता येतं.

---

तराजू

रानजाई, बाकी सगळं पटलं, शेवटच्या वाक्याला मात्र या मुलीच्या बाबतीत माझा स्पष्ट विरोध आहे. तिला जुलाब आणि उलट्या आहेत. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या आधारावर टिकून असतो आणि इब्युप्रोफेन नेमकं तेच बंद करतं. कोरड्या पडलेल्या मुलाला इब्युप्रोफेन दिल्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कांजिण्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तरीही ते टाळतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

आलटून-पालटून देण्याची दुसरी अडचण हिशोबाची. एकाची किमान वेळ चार तास, दुसऱ्याची सहा ते आठ, मापं वेगळी. दुसऱ्या रात्री कुठलं कधी दिलं हे सांगता येत नाही अशी वेळ येतेच. एक औषध, एक कागद.

आणि ॲस्पिरिन मुलांना तापात अजिबात नाही. विषाणूच्या तापात ते दिल्याने मेंदू आणि यकृत दोन्हीवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

---

रानजाई

मान्य. जुलाब लक्षात घेऊन लिहायला हवं होतं. शेवंती, माझं ते वाक्य तुमच्यासाठी रद्द समजा.

---

ओंजळ

ओआरएसबद्दल सविस्तर लिहिते, कारण या वयात जुलाबांत जिवावर बेततं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. तापापेक्षा माझं लक्ष इथे जास्त राहील.

पाकीट अख्खं फोडायचं आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवायचं. एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर, २०० मिलीचं असेल तर २०० मिली. उकळून गार केलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजा. "थोडं थोडं लागतं म्हणून चमचाभर पावडर कपभर पाण्यात" ही सर्वांत घातक सवय. पाकिटातले घटक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे एका चमच्यात साखर जास्त येईल, दुसऱ्यात मीठ. दाट झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं, आणि जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. पातळ झालं तर क्षार भरून निघत नाहीत. तयार पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून टाका.

त्यात वरून साखर, फळांचा रस, दूध काहीही घालू नका. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिटरला असं आहे: मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. मिळून साडेवीस ग्रॅम. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५-७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) ठेवलेत, त्याला कारण आहे. आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोजला जोडीने आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबातही हा रस्ता चालू राहतो. प्रमाण मोडलं की रस्ता अडतो.

किती द्यायचं: दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली. दोन वर्षांवर १०० ते २०० मिली. हे अंगावरच्या दुधाव्यतिरिक्त.

कसं द्यायचं, हाच तुमचा खरा प्रश्न. दोन घोट घेऊन ओकते, कारण तहानेने ती ते घोट भराभर घेते आणि चिडलेलं पोट एकदम ताणलं जातं. बाटली किंवा पेला दूर ठेवा. ५ मिलीची सिरिंज किंवा चमचा घ्या आणि घड्याळ लावून दर दोन मिनिटांनी ५ मिली द्या. फार थोडं वाटतं, पण तासाला १५० मिली होतात. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि दर तीन मिनिटांनी एक चमचा असं संथ सुरू करा. उलटी झाली तरी सगळं बाहेर पडत नाही, बराच भाग आत गेलेला असतो. म्हणून "काही टिकतच नाही" असं ठरवून सोडून देऊ नका.

अंगावरचं दूध चालू ठेवा, उलट जास्त वेळा. नेहमीचं मऊ अन्न तिला हवं तसं, थोडं थोडं. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवू नका. उपाशी आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो. दूध पातळ करण्याचीही गरज नाही.

झिंक विसरलं जातं. सहा महिन्यांपुढच्या मुलांना दिवसाला २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस. दोन ते सहा महिने १० मिग्रॅ. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण करायचं. त्याने हे जुलाब लवकर आटोपतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्या. चव धातूसारखी असते, उपाशीपोटी दिली तर उलटी होऊ शकते. डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर आठवण करा.

जुलाब "बंद करण्याच्या" लोपेरामाइडसारख्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत. आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, संसर्ग आतच राहतो. पाण्यासारख्या जुलाबात अँटिबायोटिकचाही सहसा उपयोग नाही. शीमध्ये रक्त असेल तर गोष्ट वेगळी.

पाणी कमी पडतंय का ते असं पाहा: जीभ आणि ओठांची आतली बाजू चिकट आहे का, रडताना डोळ्यांत पाणी येतं का, डोळे खोल गेलेत का, टाळू अजून भरली नसेल तर ती आत गेली आहे का. बेंबीच्या बाजूला पोटाची त्वचा दोन बोटांत उचलून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, हळूहळू गेली तर पाणी कमी आहे, दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर एक क्षणही न घालवता रुग्णालय. आणि लघवी: या वयात सहा तास लंगोट कोरडा राहिला तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पाण्यासारख्या शीमध्ये लघवी मिसळते आणि कळत नाही, म्हणून लंगोटाच्या पुढच्या भागात कापसाचा बोळा ठेवून पाहा.

पाणी कमी पडल्याची खूण दिसली तर प्रमाण बदलतं: पहिल्या चार तासांत किलोला ७५ मिली, तुमच्या मुलीला साधारण ७०० मिली. पण ते दवाखान्यात, कुणीतरी दर तासाला तपासत असताना.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. ५ मिली पहिल्याच बाटलीचे होते, झिंकही सांगितलं. दर दोन मिनिटांनी चमचा सुरू केलाय, गेल्या पाऊण तासात उलटी नाही.

आणखी दोन शंका. रात्री झोपली असेल तर औषधासाठी उठवायचं का? आणि ओआरएस लिहिलेलं तयार पेय डब्यात मिळतं, ते चालेल का?

---

ओंजळ

डब्याच्या मागे सोडियम ७५, ग्लुकोज ७५ आणि एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५ लिहिलं असेल तर चालेल. नुसती साखरच ग्रॅममध्ये लिहिलेली आणि सोडियम नगण्य असेल तर नाही, नाव काहीही असो. खेळाडूंची पेयं, सोडा, फळांचे गोड रस हे सगळे त्याच कारणाने बाद.

पाकीट मिळेपर्यंत वेळ काढायचा तर एक लिटर पाण्यात ५ मिलीच्या मापाचे साखरेचे सपाट सहा चमचे आणि मिठाचा सपाट अर्धा चमचा. शीग लावलेले नाही, वरून सुरी फिरवून सपाट केलेले. यात पोटॅशियम नसतं, म्हणून ही तात्पुरती सोय.

तापाच्या औषधासाठी शांत झोपलेल्या मुलाला उठवू नका. पण जुलाब चालू आहेत तोवर रात्री दोन-तीनदा पाजायला उठवा. त्यानिमित्ताने ती नीट जागी होते का, ओळखते का, तेही कळतं.

---

चांदणवेल

आकडीबद्दल. "ताप डोक्यात जातो" ही भीती खूप जुनी आहे, म्हणून आधी तीच मोकळी करू. संसर्गाचा ताप स्वतः मेंदू जाळत नाही. नियंत्रण केंद्र त्याला वरची मर्यादा घालतं. तापाची आकडी ही सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या मेंदूची तापाला मिळणारी प्रतिक्रिया आहे. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते, घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना आली असेल तर शक्यता वाढते. साध्या तापाच्या आकडीने बुद्धीवर परिणाम होत नाही आणि पुढे अपस्मार होण्याचा धोका फारच थोडा असतो. पण एकदा आलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुढच्या तापात पुन्हा येते.

एक गोष्ट मात्र स्वीकारायला जड जाते: दर चार तासांनी औषध देऊन आकडी टळते असं दिसून आलेलं नाही. बरेचदा ताप चढत असतानाच ती येते, कधी कधी ताप आहे हे घरात कळण्याआधी. म्हणून आकडी आली तर "माझं औषध चुकलं" असं मनाला लावून घेऊ नका.

आकडीत मूल शुद्ध हरपतं, डोळे वर किंवा एका बाजूला जातात, हातपाय ताठ होऊन लयीत झटके देतात, तोंडाला फेस येऊ शकतो, ओठ काळपट दिसू शकतात. हुडहुडीत मूल थरथरतं पण तुमच्याकडे पाहतं, हाकेला प्रतिसाद देतं, आणि हात धरला तर थरथर कमी होते.

आली तर: सर्वांत आधी घड्याळ पाहा, कारण त्या वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. मुलीला जमिनीवर किंवा रुंद पलंगाच्या मध्यावर कुशीवर ठेवा, तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडेल. गळ्याजवळचं बटण सोडा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात काही घालू नका: चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. जीभ गिळली जात नाही. दातांत चमचा अडकवल्याने दात तुटून श्वासनलिकेत जातात. हातपाय दाबून धरू नका. तोंडावर पाणी मारू नका. शक्य असेल तर दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करा. डॉक्टरांना शब्दांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तर रुग्णवाहिका. नंतर तासभर गुंगी असते, हे अपेक्षित आहे. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी, शक्यतो लगेच, दाखवा. पंधरा मिनिटांहून लांबली, अंगाच्या एकाच बाजूला आली, २४ तासांत दुसऱ्यांदा आली, मूल नंतर नीट शुद्धीवर आलं नाही, किंवा बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान आहे, तर तिला साधी आकडी म्हणायचं नाही. आणि जुलाब चालू असलेल्या मुलात रक्तातली साखर किंवा सोडियम बिघडूनही झटके येतात. म्हणून तुमच्याकडे आता आकडी आली तर "तापाचीच असेल" असं घरी ठरवू नका.

एकदा आकडी येऊन गेलेल्या मुलांसाठी डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा (आकडी थांबवणाऱ्या औषधाचा) फवारा लिहून देतात. तो पाच मिनिटांच्या आकडीसाठी असतो. किती फवारे ते वजनावर ठरतं आणि मूल वाढलं की बदलतं, हे दरवेळी विचारून घ्या.

---

पायवाट

वर आलंय ते पुन्हा लिहीत नाही, फक्त घरी थांबायचं की निघायचं याबद्दल.

वय तीन महिन्यांखाली आणि ताप १००.४ फॅ. किंवा जास्त: औषध न देता थेट रुग्णालय, बाळ हसत असलं तरी. त्या वयात गंभीर संसर्ग ताप सोडून दुसरं काहीच दाखवत नाही, आणि औषधाने ती एकमेव खूणही झाकली जाते.

कुठल्याही वयात: पिणं पूर्ण बंद, घेतलेलं प्रत्येक वेळी बाहेर, उठवूनही नीट जागं न होणं, झटके. या चारांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळणं आणि मधल्या वेळेत गळून जाणं, हेही त्यातच धरा. शेवटच्या प्रकारात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. मान ताठ, किंवा काच दाबल्यावरही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके, तरीही तसंच. ठिपक्यांवर पारदर्शक पेला दाबून आरपार पाहा. विषाणूच्या पुरळाचा रंग दाबल्यावर जातो, त्वचेखालच्या रक्तस्रावाचा जात नाही.

श्वास मोजायला प्रत्येक घराने शिकावं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पोटाकडे पाहा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारख्या लयीत नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो वेगवान श्वास. तुमच्या मुलीसाठी आकडा ४०. तापात श्वास थोडा वाढतोच, त्यामुळे ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल किंवा प्रत्येक श्वासाला कण्हत असेल तर आकडा मोजत बसू नका, निघा.

विषाणूचा ताप साधारण तीन ते चार दिवस चढउतार करतो. तिसऱ्या दिवसानंतरही तसाच असेल तर पुन्हा तपासणी. मुलींमध्ये तापाचं कारण सापडत नसेल तर लघवीची तपासणी विचारा, आणि ती अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. नंतर जंतू उगवत नाहीत आणि निदान निसटतं. पाच दिवस ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लालभडक आणि फुटलेले, हातपाय सुजलेले, अंगावर पुरळ, अशी जुळणी दिसली तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. त्याचा उपचार तापाच्या पहिल्या दहा दिवसांत झाला तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवता येतात, म्हणून पाचव्या दिवसाला महत्त्व आहे.

ताप उतरला त्याच दिवशी अंगावर गुलाबी पुरळ उठलं आणि मूल ताजंतवानं असेल तर मात्र घाबरू नका. या वयात रोझिओला हा विषाणूचा ताप तसाच वागतो.

आणि "दात येताहेत म्हणून ताप" हे १०२-१०३ तापाचं स्पष्टीकरण नाही. दातांनी लाळ गळते, हिरड्या सुजतात, किरकिर वाढते. एवढा ताप आला तर कारण दुसरीकडे शोधायचं.

---

शेवंती

संध्याकाळपर्यंतची नोंद: साडेतीन तासांत ४०० मिली ओआरएस गेलं, एकच उलटी, दोनदा लघवी. शांत असताना श्वास ३४. त्वचा लगेच सपाट होते.

आता मोठ्यालाही १०१.८ आहे, शी नेहमीसारखी, पण डोकं दुखतंय म्हणतो. वय ४, वजन १५.५ किलो. त्याच्यासाठी २५० मिग्रॅ/५ मिलीची बाटली काढली तर ३.१ ते ४.६ मिली येतात. ४ मिली देऊ का? हिशोब बरोबर आहे ना?

---

तराजू

हिशोब बरोबर आहे. ४ मिली म्हणजे २०० मिग्रॅ, किलोला जवळजवळ तेरा. चोवीस तासांत चार डोस म्हणजे ८०० मिग्रॅ, मर्यादा ९३० आहे.

फक्त आता घरात दोन मुलं आणि दोन वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या झाल्या, म्हणजे सुरुवातीला टाळायला सांगितलेलीच परिस्थिती. त्यापेक्षा दोघांनाही १२० मिग्रॅ/५ मिलीचीच द्या. मोठ्याला ८ मिली होतात, १९२ मिग्रॅ, किलोला १२.४. माप मोठं आहे, पण चार वर्षांचा मुलगा ते पिऊ शकतो. सिरिंजा दोन ठेवा, प्रत्येकीवर नाव आणि मिलीची खूण मार्करने करा. कागदही दोन. डोकेदुखीबरोबर मान वाकवताना दुखते का, हनुवटी छातीला टेकते का, तेवढं आत्ताच पाहून घ्या.

---

शेवंती

टेकते, दुखत नाही म्हणतो. २५० ची बाटली परत वर ठेवली. त्याला ८ मिली ७:४० ला दिले, तिचे ५ मिली ६:१५ ला गेलेत. दोन्ही कागदांवर लिहिलंय.